पंगू शिपायांची दाद

‘पेन्शन’ हा शब्द मराठी घरांत इतका रुळला आहे की तो परका आहे ह्याची आठवणही कोणास होत नाही. तीस-पस्तीस वर्षे इमानाने चाकरी करावी आणि उतारवयात ठराविक तारखेस ठराविक रक्कम हाती पडावी, एवढा त्याचा अर्थ आपण गृहीत धरतो. ती रक्कम कोणाची मेहेरबानी आहे असे घेणाऱ्यास वाटत नाही, आणि देणाऱ्यासही तसे म्हणण्याची सोय नाही. परंतु हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ ‘तोलणे’ असा आहे. पेन्शन म्हणजे तोलून दिलेली रक्कम. आता तोलावयाचे काय, आणि तागडी कोणाच्या हाती असावयाची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. इंग्लंडात सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो राज्यकर्त्यांपुढे उभा राहिला, आणि तो उभा करणारे लोक सरकारी कारकून नव्हते. लढाईत हात, पाय अथवा डोळे गमावून घरी परतलेले ते साधे शिपाई आणि खलाशी होते. त्यांनी दाद कशी मागितली, ती कोणी ऐकली, आणि ऐकणाऱ्यांनी जखमेबरोबर आणखी काय काय तोलून पाहिले, ही हकीकत मोठी उद्बोधक आहे.

मध्ययुगात अशा पंगू माणसास आसरा मिळे तो बहुधा मठांत. मठाच्या दारी भाकरी मिळे, आजारात अंथरूण मिळे. राजा आठवा हेन्री ह्याने १५३६ ते १५४० ह्या काळात इंग्लंडातील मठ मोडून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली, आणि हा आसरा एकाएकी नाहीसा झाला. त्याच शतकात भिकाऱ्यांविरुद्धचे कायदे उत्तरोत्तर कडक होत गेले. काम न करता वाटेने फिरणाऱ्या धडधाकट माणसास फटके मारून त्याच्या गावी परत धाडावयाचे, अशी तेव्हाची रीत होती. युद्धाहून परतलेला शिपाई ह्या दोहोंच्या कात्रीत सापडे. त्यास पुष्कळदा त्याच्या इच्छेविरुद्ध गावातून पकडून लष्करात भरती केलेले असे. युद्ध संपले की पगाराची बाकी न चुकविताच त्यास बंदरावर उतरवून देत, आणि तेथून घरापर्यंतचा शेकडो मैलांचा रस्ता त्याने भीक मागत कापावयाचा. भीक मागणे हा तर गुन्हा.

१५८८ साली स्पेनच्या प्रचंड आरमाराचा धोका टळला. इंग्लंडभर चर्चच्या घंटा वाजल्या. पण ज्या खलाशांनी तो धोका टाळला त्यांच्या जहाजांत साथीचा ताप शिरला होता, आणि मार्गेट बंदराच्या रस्त्यांवर ती माणसे मरत पडली होती. त्यांना ठेवावयास जागा नव्हती आणि द्यावयास पैसा नव्हता. आरमाराचा मुख्य लॉर्ड हॉवर्ड ह्याने ही दुःस्थिती पत्रांतून सरकारास कळविली. पुढील वर्षी, १५८९ मध्ये, ड्रेक आणि नॉरिस ह्यांची पोर्तुगालवरील मोहीम फसली. तेथून परतलेले उपाशी आणि बिनपगारी शिपाई लंडनच्या आसपास जमा होऊ लागले. सरकारने प्रथम त्यांच्यावर लष्करी कायदा पुकारला, आणि काहींना फाशीही दिले. राणी एलिझाबेथच्या दरबारास त्या वेळी दया आली की भय वाटले, हे ठरविणे कठीण आहे. बहुधा दोन्ही भावना एकत्र नांदत असाव्यात. एवढे खरे की आपण ज्यांस लढावयास पाठविले ते लोक परत आल्यावर आपल्यालाच भारी पडतात, हा धडा राज्यकर्त्यांना ह्या दोन वर्षांत मिळाला.

पहिली व्यवस्था खलाशांनी स्वतःच्या पैशाने केली. ड्रेक, हॉकिन्स आदी दर्यावर्दी सरदारांच्या पुढाकाराने ह्याच सुमारास ‘चॅटम चेस्ट’ ह्या नावाचा निधी उभा राहिला. चेस्ट म्हणजे पेटी, आणि ती अलंकारिक अर्थाने नव्हे. चॅटमच्या गोदीत एक भक्कम लोखंडी पेटी असे. तिला अनेक कुलपे असत आणि त्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या माणसांजवळ असत, म्हणजे एकट्यादुकट्याने ती उघडता येऊ नये. प्रत्येक खलाशाच्या पगारातून दरमहा ६ पेन्स कापून ह्या पेटीत टाकीत. त्या काळी १२ पेन्सांचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड होत असे. आरमाराच्या वर्षी साध्या खलाशाचा महिन्याचा पगार १० शिलिंग होता, हे ध्यानात घेतले म्हणजे वर्गणी किती होती ते कळते. पुढे सतराव्या शतकात एक पाय अथवा एक हात गमावणाऱ्यास ह्या पेटीतून सालीना ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स मिळत. अनेक किल्ल्या असूनही पेटीतील पैशास पाय फुटत. नौदलाच्या कचेरीतील कर्तबगार कारभारी आणि प्रसिद्ध दैनंदिनीकार सॅम्युएल पेप्स ह्यालाही १६६० नंतरच्या दशकात ह्या गैरव्यवस्थेची चिंता लागली होती. तथापि पगारातून थोडे थोडे कापून संकटकाळासाठी साठविण्याची कल्पना येथे रूढ झाली, आणि ती पुढे टिकली.

जमिनीवरील शिपायांसाठी पार्लमेंटने १५९३ साली कायदा केला. राज्याने कायद्याने पट्टी बसवून पंगू शिपायांस नियमित वर्षासन द्यावे, अशी देशव्यापी व्यवस्था युरोपात ह्यापूर्वी झालेली नव्हती, असे इतिहासकार मानतात. ज्यांनी राणीसाठी आणि राज्यासाठी जीव धोक्यात घातला, अवयव गमावले, त्यांस परतल्यावर आधार मिळावा, म्हणजे इतरांनाही तसे करण्यास हुरूप येईल, असा हेतू कायद्याच्या आरंभीच सांगितला होता. त्यातील दुसरा भाग विसरता कामा नये. आधार हा मागील सेवेचा मोबदला होता, तितकाच पुढील भरतीसाठी दाखविलेला आशेचा किरणही होता.

ह्या कायद्याची घडण पाहण्यासारखी आहे. पैसा राणीच्या खजिन्यातून यावयाचा नव्हता. प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत मोडणाऱ्या गावावर, आठवड्यास १ पेनीहून कमी नाही आणि ६ पेन्सांहून अधिक नाही अशी पट्टी बसविण्यात आली. १६०१ च्या सुधारित कायद्याने ही मर्यादा २ ते १० पेन्सांपर्यंत वाढविली. गोळा झालेली रक्कम परगण्याच्या खजिनदाराकडे जाई. साध्या शिपायास वर्षाला जास्तीत जास्त १० पौंड, लेफ्टनंटच्या खालच्या अधिकाऱ्यास १५ पौंड आणि लेफ्टनंटास २० पौंड, अशी कमाल मर्यादा ठरली. कोणाला किती द्यावयाचे हे परगण्याच्या न्यायाधीशांनी ठरवावयाचे. हे न्यायाधीश म्हणजे त्या प्रांतातील जमीनदार गृहस्थ. ते वर्षातून चार वेळा एकत्र बसत आणि चोऱ्यामाऱ्यांपासून रस्ते-पुलांच्या दुरुस्तीपर्यंत सर्व कामांचा निकाल लावीत. त्याच सभेत, कोणाच्या तरी पुलाच्या तक्रारीनंतर, एका पायाच्या शिपायाचा पुकारा होई.

पण तेथवर पोहोचणे हेच एक दिव्य होते. शिपायास प्रथम आपल्या कप्तानाचा अथवा सेनापतीचा दाखला लागे. कोठे लढला, कोणती जखम झाली, हे त्यात नमूद असावयाचे. तो दाखला लष्कराच्या हजेरीपटाशी ताडून पाहणाऱ्या अधिकाऱ्याने मान्य करावयाचा. मग ज्या परगण्यातून त्यास पकडून भरती केले असेल तेथे त्याने जावयाचे. स्वखुशीने गेला असेल तर जन्मगावी, अथवा जेथे शेवटची तीन वर्षे राहिला तेथे. बंदर आणि परगणा ह्यांमध्ये अंतर असेल तर वाटखर्चास थोडे पैसे आणि एका खजिनदाराकडून दुसऱ्याकडे असा रवानगीचा कागद मिळे. खोटा दाखला आढळला अथवा शिपाई भीक मागताना सापडला तर त्याचे वर्षासन कायमचे बुडे आणि त्यास सराईत भटक्या समजून शिक्षा होई. शिवाय मंजूर झालेले वर्षासन कमी करण्याचा अथवा काढून घेण्याचा अधिकार न्यायाधीशांस होताच. म्हणजे कायदा झाला तरी शिपायाच्या हाती हक्क आला नाही. त्याच्या हाती अर्ज करण्याची वाट आली. कप्तान परदेशी मरून गेला असेल तर दाखला कोणी द्यावा, हा साधा प्रश्नही त्या वाटेवर डोंगरासारखा आडवा येई.

प्रत्यक्षात १० पौंडांची कमाल मर्यादा कागदावरच राहिली. सतराव्या शतकातील परगण्यांच्या दप्तरांत साध्या शिपायास सालीना २ पौंडांच्या आसपासची रक्कम पुष्कळदा आढळते. शेतमजुराची रोजची मजुरी तेव्हा सुमारे ८ पेन्सांपासून एक शिलिंगापर्यंत असे. म्हणजे वर्षासनाची रक्कम चाळीस ते साठ दिवसांच्या मजुरीइतकी झाली. बाकीचे तीनशे दिवस शिपायाने, त्याच्या बायकोने आणि गावाने कसे तरी निभवावयाचे. पट्टीची मर्यादा ठरलेली असल्याने निधीत जागाही मोजक्याच असत. त्यामुळे नव्या अर्जदारास अनेकदा एकरकमी थोडे पैसे देऊन वाटेस लावीत, किंवा जुन्या पेन्शनरांपैकी कोणी मेला म्हणजे त्याची जागा ह्यास द्यावी असा हुकूम होई. एका पंगू माणसाने दुसऱ्या पंगू माणसाच्या मरणाची वाट पाहावी, असा तो हिशेब होता.

ही व्यवस्था परदेशी मोहिमांवरून परतणाऱ्या थोड्या शिपायांसाठी आखलेली होती. १६४२ साली राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट ह्यांच्यात यादवी युद्ध पेटले, आणि लढाई घराच्या अंगणात आली. एका अंदाजाप्रमाणे इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रत्यक्ष लढाईत सुमारे ८५ हजार माणसे पडली, आणि रोगराईने त्याहून अधिक मेली. जखमी होऊन जगले ते वेगळेच. २३ ऑक्टोबर १६४२ रोजी एजहिलची पहिली मोठी लढाई झाली, आणि त्याच महिन्यात पार्लमेंटने जाहीर केले की आपल्या बाजूने लढून पंगू होणाऱ्यांचाच नव्हे, तर पडलेल्यांच्या विधवांचा आणि मुलांचाही सांभाळ आपण करू. हे वचन नवे होते. १५९३ च्या कायद्यात विधवेचे नावही नव्हते.

वचन देणे ही पार्लमेंटची गरजही होती. राजाविरुद्ध शस्त्र धरा असे प्रजेस सांगावयाचे, तर पडल्यास तुमच्या मागे कोण, ह्याचे उत्तर द्यावेच लागते. ते पाळण्याचा प्रयत्नही झाला. लंडनचे जुने सॅव्हॉय रुग्णालय १६४४ मध्ये जखमी शिपायांसाठी घेण्यात आले, आणि १६४८ मध्ये ईली हाउस ह्या वाड्यात दुसरे रुग्णालय उघडले. तेथे परिचारिका म्हणून शिपायांच्या विधवांस प्राधान्य मिळे, म्हणजे एकाच कामात दोघांची सोय होई. हाडांची दुखणी न हटणाऱ्या काही शिपायांस बाथच्या उन्हाळ्यांवर स्नानासाठी धाडीत. १६४७ च्या वटहुकुमांनी परगण्यांतील जुनी वर्षासनाची व्यवस्था पार्लमेंटच्या शिपायांस आणि त्यांच्या विधवांस लागू केली. मग तीन महिन्यांनी एकदा, थंडीत, पावसात, कुबड्यांवर चालत, माणसे न्यायसभेच्या दारी जमू लागली.

त्यांनी आणलेले अर्ज आज अनेक परगण्यांच्या दप्तरखान्यांत जपलेले आहेत. इंग्लंड-वेल्समधील काही विद्यापीठांच्या अभ्यासकांनी २०१८ पासून असे हजारो कागद एकत्र करून प्रसिद्ध केले आहेत. त्यांतील मजकुराचा साचा ठरलेला असतो. आरंभी न्यायाधीशांच्या थोरवीस नमस्कार, मग अमक्या गावच्या गरीब अमक्याची नम्र विनंती, आणि शेवटी, मागणी मान्य झाल्यास अर्जदार आपल्यासाठी सदैव प्रार्थना करील, हे आश्वासन. हा साचा लेखनिकाचा असे, कारण अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांस लिहिता येत नव्हते. खाली सही असलीच तर एखादी फुली अथवा वेडीवाकडी निशाणी असावयाची. परंतु नमस्कार आणि आश्वासन ह्यांच्या मधल्या दहा-पंधरा ओळींत तो माणूस स्वतः बोलतो. तो लढायांची नावे घेतो, कप्तानांची नावे घेतो. खांद्यात राहिलेली बंदुकीची गोळी, डोक्यावरील तलवारीचे वार, दारूच्या भडक्याने गेलेली दृष्टी, उघड्या रानात थंडीत रात्री काढल्यामुळे जडलेले पाय, तुरुंगात गेलेले महिने, लुटले गेलेले घर, ह्यांची तो यादी देतो. मग तो मुद्द्यावर येतो. पूर्वी मी माझ्या श्रमावर बायको-मुले पोसत होतो, आता तसे करू शकत नाही, एवढेच त्याचे म्हणणे.

ह्या म्हणण्यात मोठे शहाणपण होते. न्यायाधीशांना दोन गोष्टींची खात्री हवी असे. एक, हा माणूस खरोखर काम करू शकत नाही, आणि दुसरी, तो आळशी नाही. म्हणून बहुतेक अर्जांत शिपाई पूर्वी किती कष्टाळू होता हे आवर्जून सांगितलेले असते. जखम दिसत असली तर ती सभेत दाखवावी लागे. विधवेस दाखविण्यासारखी जखम नव्हती, तिच्याजवळ केवळ शब्द होते. नवरा कोठे पडला, कोणत्या तुकडीत होता, हे तिने सांगावयाचे आणि त्याच्या सोबत्यांनी शपथेवर दुजोरा द्यावयाचा. ज्या काळी सामान्य स्त्रीचा आवाज सरकारी कागदांत क्वचितच उमटतो, त्या काळातील ह्या विधवांचे अर्ज म्हणूनच मोलाचे आहेत. त्यांतील कित्येक जणी केवळ गयावया करीत नाहीत. पार्लमेंटने दिलेल्या वचनाची त्या आठवण करून देतात.

आणि मग राज्य पालटले. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला होता, आणि अकरा वर्षांच्या प्रजासत्ताकानंतर १६६० साली त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स गादीवर आला. सॅव्हॉय आणि ईली हाउस येथील लष्करी रुग्णालये बंद झाली. पार्लमेंटच्या बाजूने लढून ज्यांनी पेन्शन मिळविले होते त्यांची नावे परगण्यांच्या वह्यांतून खोडली जाऊ लागली. १६६२ साली नवा कायदा झाला. त्याने राजाची आणि त्याच्या पित्याची निष्ठेने सेवा करणाऱ्या, पंगू झालेल्या गरीब अधिकाऱ्यांस आणि शिपायांस आधार दिला. राजपक्षाच्या शिपायांच्या विधवांचीही त्यात दखल घेतली होती. निष्ठा शेवटपर्यंत अढळ राहिली, बाजू सोडली नाही, हे अर्जदाराने पटवून द्यावयाचे होते.

एवढ्यावरून त्या दिवशीचे न्यायसभेतील दृश्य डोळ्यांपुढे आणावे. २ जुलै १६४४ रोजी मार्स्टन मूरच्या मैदानात दोन शिपाई समोरासमोर लढले आणि दोघांचेही पाय गेले, असे समजू. पहिला पार्लमेंटचा. त्यास दहा-पंधरा वर्षे पेन्शन मिळाले आणि दुसऱ्यास दाराबाहेर उभे राहावे लागले. १६६२ नंतर दुसरा आत आला आणि पहिल्यास बाहेर जावे लागले. पाय दोघांचेही परत आले नव्हते. पोटही दोघांस सारखेच होते. तागडीच्या एका पारड्यात जखम होती, पण दुसऱ्या पारड्यात राजकारण होते, आणि जड झाले ते राजकारण. ह्या युद्धात पकडले गेल्यावर पक्ष बदलून लढलेले शिपाईही थोडे नव्हते. त्यांनी आपल्या आयुष्यातील कोणता भाग सांगावा आणि कोणता गाळावा, हे राज्य कोणाचे आहे त्यावर ठरू लागले. एकाच माणसाची स्मृती दोन राजवटींत दोन प्रकारे लिहिली गेली.

राजपक्षास तरी समाधान मिळाले काय? गरिबीस आलेल्या जुन्या अधिकाऱ्यांसाठी पार्लमेंटने १६६२ मध्ये ६० हजार पौंड मंजूर केले. दावा करणाऱ्यांची यादी १६६३ मध्ये छापली गेली, तेव्हा तीत पाच हजारांहून अधिक नावे निघाली. सरळ वाटणी केली तर माणशी १२ पौंडही येत नाहीत. राजासाठी ज्यांनी जमिनी विकल्या त्यांच्या वाट्यास एवढेच आले. साध्या शिपायांचे अर्ज १६६० च्या आणि १६७० च्या दशकांत येतच राहिले. एजहिल आणि नेझबीच्या लढायांत जे तरुण होते, ते आता केस पिकलेले म्हातारे झाले होते. जुन्या जखमा वयाबरोबर पुन्हा सलू लागल्या होत्या, आणि साक्ष देणारे कप्तान एकेक करून मरत होते. १६७९ च्या सुमारास ह्या कायद्याची मुदत संपली, आणि परगण्यांतील ही व्यवस्था मागे पडत गेली.

तोवर काळ बदलला होता. हंगामापुरते शिपाई गोळा करण्याचे दिवस संपून राजे खडे लष्कर बाळगू लागले होते. फ्रान्सचा चौदावा लुई ह्याने १६७० मध्ये पॅरिस येथे पंगू शिपायांसाठी ‘अँव्हालिद’ ह्या भव्य वास्तूची आज्ञा काढली. तिचा कित्ता दुसऱ्या चार्ल्सने गिरविला. लंडनजवळ चेल्सी येथे प्रसिद्ध वास्तुशिल्पी क्रिस्टोफर रेन ह्याच्या आराखड्याप्रमाणे १६८२ मध्ये पाया घातला गेला आणि १६९२ मध्ये शिपाई राहावयास आले. खर्चाचा मोठा भार शिपायांच्याच पगारातून कापलेल्या रकमेवर होता. चॅटमच्या पेटीचे तत्त्व येथे राजवाड्याच्या रूपात आले. परंतु जागा होत्या पाचशेहून कमी. वास्तू उघडली तेव्हाच ती पुरेनाशी झाली होती. म्हणून बाकीच्यांस घरी राहून पेन्शन देण्याची पद्धत पडली, आणि अठराव्या शतकात त्याचा सर्वसाधारण दर रोजी ५ पेन्स असा स्थिरावला.

आता न्यायसभेऐवजी चेल्सीच्या कमिशनरांपुढे उभे राहावयाचे होते. राजकीय निष्ठेचा काच पुष्कळ कमी झाला, तरी नवे दुःख उपजले. पेन्शन वर्षाच्या अखेरीस मिळे. मंजुरी आज झाली तरी पहिली रक्कम हाती पडावयास वर्ष लागे, आणि तोवर खावयाचे काय? ही नड सावकारांनी हेरली. ते पुढील पेन्शनावर भरमसाट व्याजाने कर्ज देत, आणि एकदा सापळ्यात सापडलेला शिपाई मरेपर्यंत सुटत नसे. लष्कराचा वेतनाधिकारी असताना विल्यम पिट ह्याने १७५४ साली कायदा करून हा फास तोडला. पेन्शन सहा महिन्यांचे आगाऊ द्यावयाचे, आणि ते गहाण टाकण्याचे करार रद्द समजावयाचे, असे ठरले. ह्या संबंध कहाणीत शिपायाच्या घरखर्चाच्या बाजूने विचार करणारी ही एक ठळक सुधारणा आहे.

त्याआधी चारच वर्षे चेल्सीच्या वहीत एक नवलाची नोंद झाली होती, आणि तिचा धागा हिंदुस्थानाशी जुळतो. वूस्टर गावी १७२३ साली जन्मलेली हॅना स्नेल ही स्त्री, नवरा सोडून गेल्यावर, मेहुण्याचे जेम्स ग्रे हे नाव आणि पुरुषाचा वेष घेऊन आरमारी शिपायांत दाखल झाली. ॲडमिरल बॉस्कॉवेनच्या आरमाराबरोबर ती कोरोमंडल किनाऱ्यावर आली, आणि १७४८ च्या पाँडिचेरीच्या वेढ्याच्या मोहिमेत पायांना जखमा घेऊन परतली. १७५० मध्ये लंडनला पोहोचल्यावर तिने आपले रहस्य सोबत्यांपुढे उघड केले. सोबती तिच्यावर उलटले नाहीत. जखमी शिपायास जे मिळते ते तिने मागावे, असा आग्रह त्यांनी धरला. तेव्हा सरसेनापती असलेल्या ड्यूक ऑफ कंबरलंडच्या हाती तिने अर्ज दिला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात चेल्सीने तिचे पेन्शन मंजूर केले. तिच्या नावे प्रसिद्ध झालेल्या चरित्रात भर घातलेला मजकूर पुष्कळ आहे, परंतु पेन्शनच्या वहीतील नोंद खरी आहे. तिने मागितले ते स्त्री म्हणून नव्हे, विधवा म्हणून नव्हे, तर जखमी शिपाई म्हणून. १७९२ मध्ये ती वारली, आणि तिच्या इच्छेप्रमाणे तिला चेल्सीच्या दफनभूमीत इतर शिपायांच्या शेजारी पुरण्यात आले. चेल्सीच्या वास्तूत राहण्यास मात्र स्त्रियांना प्रवेश मिळाला तो २००९ मध्ये.

ह्या दोनशे वर्षांच्या हकीकतीतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. पेन्शन कोणा एका राजाच्या औदार्यातून जन्मास आले नाही, आणि एका कायद्याने ते हक्कही झाले नाही. राज्यकर्त्यांनी भयापोटी, भरतीच्या गरजेपोटी, आणि कधी कधी कृतज्ञतेनेही वाट थोडी थोडी मोकळी केली. त्या वाटेवरून लंगडत जाऊन ती रुळवली ती अर्जदारांनी. एक अर्ज फेटाळला तर पुढच्या सभेत दुसरा, एक न्यायाधीश कठोर निघाला तर त्याच्यानंतरच्या न्यायाधीशापुढे तिसरा, अशा चिकाटीने त्यांनी राज्यास एक प्रश्न वारंवार विचारला: आमचे शरीर तुमच्या कामी खर्ची पडले, त्याचा हिशेब कोण देणार? राजाचे राज्य असो वा पार्लमेंटचे, प्रत्येकाने आपल्या बाजूच्या जखमेस उत्तर दिले आणि समोरच्या बाजूच्या जखमेस दिले नाही.

एजहिल आणि मार्स्टन मूर येथील सेनापतींची नावे इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. त्यांच्या हुकमावरून पुढे गेलेल्या शिपायांपैकी कित्येकांचा मागोवा लागतो तो केवळ ह्या अर्जांमुळे. एखाद्या परगण्याच्या दप्तरातील पिवळ्या पडलेल्या कागदावर, लेखनिकाच्या वळणदार अक्षरांखाली, कोणा थोट्या माणसाने उरलेल्या हाताने काढलेली एक फुली असते, आणि समासात न्यायाधीशांचा शेरा असतो: सालीना ४० शिलिंग द्यावे.